सुप्पंडी नेमका कुणाचा? कॉमिक्सच्या कंपनीत शेवटचा शब्द कुणाचा चालतो

'टिंकल' वाचत मोठे झालेल्यांना सुप्पंडीची ओळख करून द्यावी लागत नाही. मालकानं सांगितलेलं काम शब्दशः करायचं आणि घोटाळा घालून ठेवायचा, हा त्याचा धंदा. 1983 मध्ये तो पहिल्यांदा छापला गेला.

त्याची मूळ गोष्ट तमिळनाडूतल्या एका वाचकानं पाठवली होती. त्याला चेहरा दिला राम वाईरकर या मराठी चित्रकारानं. संपादक होते अनंत पै, म्हणजे मुलांचे 'अंकल पै'. छापणारी कंपनी होती मुंबईची इंडिया बुक हाऊस. 2003 मध्ये वाईरकर गेले आणि पुढे त्यांची मुलगी अर्चना आंबेरकर सुप्पंडी काढू लागली. 2007 मध्ये 'टिंकल' आणि 'अमर चित्र कथा' दोन्ही एसीके मीडिया या नव्या कंपनीकडे गेले, त्यांच्यासोबत सुप्पंडीही गेला.

मग सुप्पंडी कुणाचा म्हणायचा? गोष्ट पाठवणाऱ्याचा, चेहरा देणाऱ्याचा, संपादकाचा, की ज्याच्या नावावर कागद आहेत त्याचा? जगातल्या जवळपास प्रत्येक कॉमिक्स कंपनीत कधी ना कधी याच प्रश्नावरून खटके उडाले आहेत. काही ठिकाणी ते कोर्टात गेले, काही ठिकाणी कचेरीतच विरले.

बेंगळुरूची कल्पना, मुंबईचं नाव

'अमर चित्र कथा' कशी सुरू झाली, याची एक गोष्ट बहुतेकांना माहीत असते. 1967 मध्ये अनंत पै यांनी दिल्लीत दूरदर्शनवर एक प्रश्नमंजूषा पाहिली. ग्रीक पुराणातल्या प्रश्नांची उत्तरं मुलं फटाफट देत होती, पण रामाच्या आईचं नाव त्यांना सांगता येईना. पै अस्वस्थ झाले, टाइम्स ऑफ इंडियातली नोकरी सोडली आणि भारतीय मुलांसाठी भारतीय गोष्टींची कॉमिक्स काढायचं ठरवलं. गोष्ट छान आहे आणि पै यांनी ती स्वतः अनेकदा सांगितली आहे.

दुसरी गोष्ट तितकी सांगितली जात नाही. इंडिया बुक हाऊसच्या बेंगळुरू शाखेत जी. के. अनंतराम नावाचे अधिकारी होते. त्यांच्या सांगण्यानुसार 1965 मध्येच त्यांनी कन्नड भाषेत 'अमर चित्र कथा' सुरू केली होती. ते पहिले 10 अंक परदेशी परीकथांचे होते. कन्नडमध्ये ते चांगले खपले, तेव्हा मुंबईच्या मुख्य कचेरीतल्या मीरचंदानींनी ही कल्पना इंग्रजीत न्यायचं मनावर घेतलं आणि संपादक म्हणून पै आले. इंग्रजी मालिकेतला 'कृष्ण' हा अंक 11 व्या क्रमांकापासून का सुरू होतो, याचं उत्तर या हकिकतीत मिळतं.

दोन्ही गोष्टी एकमेकींना खोट्या पाडत नाहीत. परीकथांच्या मालिकेला पुराणांकडे आणि इतिहासाकडे वळवणारे पैच होते, यात शंका नाही. पण नाव, बोधकथा आणि मान एकाच माणसाकडे गेला आणि शाखेतला माणूस तळटीपेत राहिला. शाखा आणि मुख्य कचेरी यांच्यात काम केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

'टिंकल'च्या बाबतीतही तेच. 1980 मध्ये सुरू झालेल्या या अंकाची कल्पना सहसंपादक सुब्बा राव यांची. नाव ठरवायच्या बैठकीत त्यांना फोन आला, 'नंतर टिंकल करतो' असं म्हणून त्यांनी तो ठेवला, आणि नाव तिथेच सापडलं. लोकांच्या लेखी मात्र 'टिंकल' म्हणजे अंकल पै. त्यात पै यांनी काही लबाडी केली असं नाही. मुलांच्या अंकाला एक ओळखीचा चेहरा लागतो, आणि कंपनी असा चेहरा एकच निवडते.

संपादकाची खुर्ची

कॉमिक कसं तयार होतं हे कळलं की सत्ता कुठं असते तेही कळतं. आधी विषय ठरतो. मग लेखक संहिता लिहितो: पानात किती चौकटी, प्रत्येक चौकटीत काय दिसेल, कोण काय बोलेल. चित्रकार पेन्सिलीनं पान मांडतो. ते तपासलं जातं, दुरुस्त्या निघतात, मग शाई, मग अक्षरं, मग रंग. यातल्या प्रत्येक टप्प्यावर पान एकाच टेबलावर परत येतं आणि ते टेबल असतं संपादकाचं. लेखकाला चित्रकार काय करणार हे ठाऊक नसतं, चित्रकाराला शेवटी कुठला संवाद राहणार हे ठाऊक नसतं. सगळं दिसतं ते फक्त संपादकाला.

'अमर चित्र कथा'त ही खुर्ची अनेक वर्षं पै यांच्याकडे होती. भोवती कमला चंद्रकांत, सुब्बा राव, लुईस फर्नांडिस असे तयारीचे सहकारी होते. 400 हून अधिक अंक निघाले, लेखक आणि चित्रकार कितीतरी बदलले, तरी कुठलाही अंक उघडला की तो 'अमर चित्र कथा'च वाटतो. हा एकसारखेपणा आपोआप आलेला नाही. एका टेबलावरून तो घडवला गेला.

चित्रकारांत मराठी माणसांचा भरणा मोठा होता. राम वाईरकरांनी 'कृष्ण' काढला. प्रताप मुळीक, दिलीप कदम ही नावं तर आतल्या पानावर पुनःपुन्हा दिसतात. लेखक आणि चित्रकाराचं नाव आत छापायची पद्धत इथं होती, हे या कंपनीच्या बाजूनं नोंदवायला हवं. त्या काळात ते सगळीकडे होत नव्हतं. पण नाव छापणं आणि हक्क देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रकाराला कामाचे पैसे मिळाले की हिशेब संपायचा. तो अंक पुढं 40 वर्षं, 20 भाषांत खपला तरी.

32 पानांत कोण मावतं

नियंत्रणाचा प्रश्न फक्त पैशाचा नसतो. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा तालुक्यात वारणानगरला लागून कोडोली आहे. या भागात वाढलेल्या मुलाला 1660 चा सिद्दी जौहरचा वेढा पुस्तकातून कळायची गरज नसते. किल्ला तिथंच आहे. महाराजांचं सोंग घेऊन पालखीत बसलेला शिवा काशीद पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचा, बाजीप्रभूंची खिंड त्याच डोंगररांगेत पुढं. पोवाड्यात या सगळ्यांना भरपूर जागा मिळते.

कॉमिकला मात्र 32 पानं असतात. त्यात जन्मापासून राज्याभिषेकापर्यंतचं आयुष्य बसवायचं, तर शिवा काशीदला किती चौकटी द्यायच्या? एक? अर्धी? की तो प्रसंगच गाळायचा? हा निर्णय पन्हाळ्याच्या पायथ्याशी होत नाही, मुंबईतल्या टेबलावर होतो. आणि एकदा छापलं गेलं की दिल्ली, चेन्नई किंवा न्यू जर्सीतल्या मुलासाठी तोच इतिहास.

'अमर चित्र कथा'चा 'शिवाजी' हा अंक भा. रा. भागवतांनी लिहिला, तेच 'फास्टर फेणे'वाले. चित्रं प्रताप मुळीकांची. म्हणजे लेखक मराठी, चित्रकार मराठी. तरी मूळ संहिता इंग्रजी, कारण मालिकाच इंग्रजीतून इतर भाषांत जायची. मराठी आवृत्ती म्हणजे अनुवाद. संवादाच्या फुग्यांचा आकार इंग्रजी वाक्यांच्या मापानं आधीच ठरलेला. महाराजांच्या तोंडची मराठी त्या फुग्यात कोंबून बसवायची, हा उलटा प्रवास विचित्र खराच.

महाराजांचा चेहरा कसा असावा, यावर महाराष्ट्रात तर सरकारचाही शब्द चालतो. कचेऱ्यांमध्ये लागलेलं अधिकृत चित्र कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी काढलेलं आहे. सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या या चित्रकाराची कल्पना सरकारी मान्यतेनं प्रमाण झाली. त्या चित्राखाली बसून काम करणाऱ्या किती जणांना चित्रकाराचं नाव सांगता येईल, हा प्रश्न वेगळा.

1979 चा 'बाबासाहेब आंबेडकर' हा अंकही असाच पाहण्यासारखा आहे. तो लिहिला एस. एस. रेगे यांनी, चित्रं दिलीप कदमांची. रेगे सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल, बाबासाहेबांना जवळून पाहिलेले. माहितीत खोट नव्हती. पण पुढं अभ्यासकांनी या मालिकेवर टीका केली ती माहितीवरून नाही, मांडणीवरून: नायक गोरे आणि राक्षस काळे का, संघर्षाची धार कुठं बोथट होते, कुणाची चरित्रं निघतात आणि कुणाची राहून जातात. हे सगळे निर्णय त्या एका टेबलावरचे. टीका पै यांच्यापर्यंत पोचली ती म्हणूनच.

कधी कधी मात्र टेबलावरचा हस्तक्षेप वाचकाच्या सोयीचाही असतो. टाइम्स ऑफ इंडियानं मार्च 1964 मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलं, तेव्हा पै तिथंच होते. त्यात अमेरिकेचा फँटम छापला जायचा. मूळ गोष्टीतला खलनायक रामा इथं 'रामालू' झाला, सिंग चाच्यांचे 'सिंगा' चाचे झाले, बेंगाला देशाचं 'डेंकाली' झालं. भारतीय वाचक दुखावू नये म्हणून केलेले हे बदल. आपल्याला ठाऊक असलेला डेंकाली अमेरिकेत कुणालाच ठाऊक नाही, याचं कारण हे.

अमेरिकेत भांडण कसं पेटलं

ज्या देशातून हा प्रकार आला तिथं भांडणं जास्त उघडपणे झाली. 1938 मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे सगळे हक्क 130 डॉलरला विकले. पुढं कंपनीनं त्यावर किती कमावलं याला हिशेब नाही. सुपरमॅनचा मोठा सिनेमा येणार म्हणून गाजावाजा सुरू झाला, तेव्हा म्हाताऱ्या सीगलनं जाहीर तक्रार केली आणि बदनामीच्या भीतीनं 1975 मध्ये कंपनीनं दोघांना वर्षाला 20,000 डॉलर आणि श्रेयात नाव द्यायचं कबूल केलं.

मार्व्हलमध्ये गुंता वेगळा होता. तिथं स्टॅन ली संपादकही होता आणि लेखकही. तो चित्रकाराशी गोष्टीबद्दल बोलायचा, चित्रकार घरी जाऊन सगळं कॉमिक काढायचा, मग ली त्यात संवाद भरायचा. काम झपाट्यानं व्हायचं. पण गोष्ट रचली कुणी? जॅक कर्बी आणि स्टीव्ह डिटको यांचं म्हणणं, आम्ही. श्रेय मात्र बोलघेवड्या लीकडे गेलं, कारण मुलाखती तोच द्यायचा. 1966 मध्ये स्पायडरमॅनचा डिटको निघून गेला, 1970 मध्ये कर्बी प्रतिस्पर्धी डीसीकडे गेला. कर्बीच्या वारसांनी पुढं हक्कांसाठी दावा लावला आणि 2014 मध्ये प्रकरण तडजोडीनं मिटलं.

त्याच कंपनीत उलटं उदाहरणही आहे. 1980 मध्ये 'एक्स-मेन'च्या एका गाजलेल्या कथेत जीन ग्रे ही नायिका अख्खा ग्रह नष्ट करते. लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांच्या शेवटात तिची शक्ती काढून घेतली जायची आणि ती जगायची. मुख्य संपादक जिम शूटरनं तो फेटाळला: अब्जावधी जीव घेणारीला एवढीच शिक्षा? शेवट पुन्हा काढला गेला, जीन मेली, आणि तोच अंक वाचकांच्या कायमचा लक्षात राहिला. शूटर हट्टी आणि भांडखोर म्हणून ओळखला जायचा. या एका बाबतीत साहेबाचा हट्ट बरोबर निघाला.

1992 मध्ये मार्व्हलचे सर्वांत जास्त खपणारे सात चित्रकार एकदम बाहेर पडले आणि त्यांनी इमेज कॉमिक्स काढलं. तिथला नियम साधा: पात्र ज्यानं निर्माण केलं, मालकी त्याची. सुपरहिरो सोडून गेले नाहीत, ते कंपनीचेच राहिले. फक्त ते काढणारे हात गेले.

पुणे, दिल्ली आणि नागराज

आपल्याकडे असं बंड झालं नाही. याचं एक कारण उघड आहे: चित्रकार सहसा पगारी नसायचे, घरून काम करायचे, एका वेळी दोन-तीन प्रकाशकांसाठी काढायचे. एकत्र येऊन भांडायला ते एका छपराखाली नव्हतेच. पुण्याचे प्रताप मुळीक 'अमर चित्र कथा'ही करत होते आणि दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी 1980 च्या दशकात आलेला नागराजही. पुढं नागराज अनुपम सिन्हा यांच्या हाती गेला आणि नव्या वाचकांसाठी तोच त्याचा चेहरा झाला.

नागराजच्या मालकीवरून मात्र कोर्टात भांडण झालं, ते प्रकाशकांमध्ये. दुसऱ्या एका प्रकाशनानं 'नागेश' नावाचा मिळताजुळता नायक आणला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं राज कॉमिक्सच्या बाजूनं मनाई दिली. अलीकडे मालकांच्या घरातच वाटण्या झाल्या आणि 'राज कॉमिक्स बाय मनोज गुप्ता', 'राज कॉमिक्स बाय संजय गुप्ता' अशा वेगवेगळ्या नावांनी अंक निघू लागले. जमिनीचा सातबारा भावांमध्ये फुटावा तसा.

'चाचा चौधरी'वाल्या प्राण यांचा रस्ता वेगळा होता. मुखपृष्ठावर पात्राच्या आधी त्यांचं नाव यायचं. पात्रं त्यांनी स्वतःची म्हणूनच चालवली आणि प्रकाशक कुणीही असला तरी वाचकाला चाचा कुणाचा हे माहीत होतं. असं करणारे ते जवळपास एकटेच.

कायदा काय सांगतो

भारताचा कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यातलं कलम 17 चित्रकारांनी एकदा तरी वाचावं असं आहे. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक कंपनी असते. पण काम नियतकालिकाच्या मालकाच्या नोकरीत आणि त्यात छापण्यासाठी केलेलं असेल, आणि वेगळा करार नसेल, तर मालकाला फक्त नियतकालिकात छापण्याचा हक्क मिळतो. बाकीचे हक्क, म्हणजे पुस्तक, खेळणी, टी-शर्ट वगैरे, लेखक-चित्रकाराकडे राहतात. हे बहुतेकांना माहीतच नसतं. अर्थात प्रत्यक्षात करार असतोच आणि त्यात 'सर्व हक्क' हे दोन शब्दही असतात.

घरून काम करणाऱ्याची स्थिती थोडी बरी. साधारणपणे पहिला मालक तोच. पण पैसे देऊन काढून घेतलेल्या पेंटिंग किंवा पोर्ट्रेटचा मालक काढून घेणारा ठरतो, आणि कॉमिकचं पान त्यात बसतं का यावर दोन्ही बाजूंचे वकील तासभर बोलू शकतात. हक्क लिहून दिले, पण मुदत लिहिली नाही, तर कलम 19 नुसार ती 5 वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

आणि कलम 57. हक्क विकून टाकले तरी 'हे मी केलं आहे' असं म्हणायचा अधिकार चित्रकाराकडे राहतो. कामाची मोडतोड करून प्रतिष्ठेला धक्का लावला, तर तो कोर्टात जाऊ शकतो. मालक बदलला, कंपनी विकली गेली, तरी हा अधिकार सोबत विकला जात नाही.

चौकट नको म्हणणारे

बाबासाहेबांवरच्या 1979 च्या अंकानंतर 32 वर्षांनी, 2011 मध्ये, नवयान प्रकाशनानं 'भीमायन' काढलं. गोष्ट श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड चित्रकार दांपत्याची. लहानग्या भीमाला न मिळालेलं पाणी, साताऱ्याकडचा तो प्रवास, महाडचं तळं, सगळं त्यात आहे.

कामाच्या सुरुवातीला त्यांना नेहमीची कॉमिक्स दाखवली गेली. त्यांना ती पटली नाहीत. माणसांना डब्यात कोंडायचं नाही, त्यांना मोकळी हवा लागते, असं त्यांचं म्हणणं पडलं. संपादकांनी ते मानलं. पुस्तकात सरळ चौकटी नाहीत. गोंड घरांच्या भिंतींवरच्या दिग्ना नक्षीच्या वळणदार पट्ट्या पानं विभागतात. संवादाचे फुगेही व्याम दांपत्यानं स्वतः ठरवले: गोड बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, मनातल्या विचारांच्या फुग्याला एक डोळा, आणि जातीवरून हिणवणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी.